भोपळ्याची पहिली चीर

"तुमच्यात भोपला कोन कापतं?"

खोली बघायला गेलेले तेव्हा मालकीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माणसं किती, नोकरी कुठे, मटण-मासे खाता का, असलं काही नाही. मी चार वर्षांच्या मंदारला कडेवर घेऊन उभी, नवरा माझ्यामागे, आणि ओट्यावर बसलेली ही साठीची बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघतेय. मला वाटलं, खोलीबरोबर भोपळाही घ्यावा लागतो की काय!

"कोण म्हणजे? मीच. स्वयंपाक मीच करते."

"अख्खा?"

मग मला कळलं. अख्ख्या लाल भोपळ्याला बाईने पहिली चीर द्यायची नाही, ही रीत आमच्याही घरी होती. भोपळा म्हणजे थोरला मुलगा मानतात. आधी घरातल्या पुरुषाने सुरी लावायची, मग बाईने पुढे काय ते चिरावं. माझी आई तर शेजारच्या काकांना हाक मारून आणायची. मी डोंबिवलीत वाढले, बीएस्सी झाले, शाळेत नववीला विज्ञान शिकवत होते. म्हटलं, "अख्खा नाही हो. बाजारात फोडच मिळते."

"फोर मोजायची नाय," त्या म्हणाल्या आणि खोलीची किल्ली दिली.

माजिवड्याच्या नाक्यापासून आत चालत गेलं की तेव्हा गावठाण लागायचं. तिथे त्यांचं कौलारू घर आणि पुढच्या आंगणाला लागून बांधलेल्या भाड्याच्या सहा खोल्या. आजूबाजूला इमारतींचे पाये खणले जात होते. सगळ्या भाडेकरणी त्यांना मावशी म्हणायच्या, मीही म्हणायला लागले. मावशी आगरी, त्यांच्या बोलण्यात 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' व्हायचा. सासरचं मिठागर होतं, ते कधीच बंद पडलेलं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. मागच्या परसात मात्र दर पावसाळ्यात भोपळ्याचे वेल चढायचे आणि दसऱ्यापर्यंत कौलांवर दहा-पंधरा भोपळे बसलेले दिसायचे. ते उतरवून मावशी माळ्यावर सुंभाने टांगून ठेवायच्या. स्वतः एकही खायच्या नाहीत. कुणी मागितला तर द्यायच्या, पण अट अशी, की बिया परत आणून द्यायच्या आणि कुणी कापला ते खरंखरं सांगायचं.

मावशींचं दुसरं वेड कचऱ्याचं. "माज्या आंगनात जा येल, ता कनीतरी खाल्ला पायजे," असा त्यांचा कायदा. गाईने खावं, कोंबडीने खावं, नाहीतर मातीने. सकाळी हातात काठी घेऊन त्या आमच्या सहा घरांचा केर उपसायच्या. तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांचं पेव नुकतंच फुटलेलं. आपली पिशवी आपल्याच कडीला अडकवलेली दिसली, की समजायचं, मावशी येऊन गेल्या. एकदा माझ्या दारात शाम्पूची रिकामी पुडी. मी म्हटलं, "अहो मावशी, एवढीशी तर आहे!" तर म्हणतात, "यवरीशी हाय ना? मंग खा." घ्या आता!

पण भोपळ्याचं वेड काही निराळंच होतं. तो प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. पोस्टमनला, मीटर बघायला आलेल्याला, बोईट विकायला येणाऱ्या कोळणीला. वर्षातून एकदा टिटवाळ्याला गणपतीला जायच्या त्या दर्शनापेक्षा रांगेसाठी जायच्या, असं माझं मत. दोन-अडीच तासांची रांग, पुढे-मागे बायकाच बायका. मी एकदा बरोबर गेलेले. शरमेने मेले. भिवंडीची कोण कुठली बाई, तिला ही विचारतेय, "तुज्या सासूनं कधी भोपला कापलेला काय? आनि तुजा दादला थोरला का धाकला? बरा हाय ना?" ती बाई देवाचं नाव घेत दोन माणसं मागे सरकली.

परत आल्यावर मावशींनी मला घरात बोलावलं आणि मांडणीवरचे तीन पत्र्याचे डबे दाखवले. डब्यांत चिंचोके. बाईने अख्खा भोपळा कापला आणि मुलगा सुखरूप, त्याचा चिंचोका पहिल्या डब्यात. बाईने कापला आणि मुलगा गेला, तो दुसऱ्यात. पुरुषानेच कापला आणि तरी मुलगा गेला, तो तिसऱ्यात. तिसऱ्या डब्यात बरेच होते. दुसऱ्यात पाच-सहा. पहिला जवळजवळ रिकामा.

मी चाटच पडले! शाळेची पायरी न चढलेली बाई आणि तिसरा डबा ठेवतेय. माझ्या नववीच्या वर्गात एकालाही तिसरा डबा सुचला नसता.

"मावशी, पहिला का रिकामा माहितीय का? कापणाऱ्या बाया कबूलच करत नाहीत."

"हाव. ता मना बी कललाय," त्या म्हणाल्या. "पन खोटा चिंचोका कसा टाकू?"

मग सांगितलं त्यांनी. एकुलता एक मुलगा होता. नऊ वर्षांचा. एके दिवशी घरात बाप्या माणूस नव्हता आणि मावशींनी मोरली, म्हणजे विळी घेऊन, स्वतःच्या हाताने भोपळा कापला. आठ दिवसांत पोराला कावीळ झाली, ती उतरलीच नाही. पोर गेलं त्या दिवशी दारात माणसं जमलेली असताना सासू म्हणाली, "भोपला कापलास, पोर कापलास." त्याला तीस वर्षं होऊन गेलेली.

"ती बोलली ता खरा का खोटा, यवराच मना पायजे," मावशी म्हणाल्या. रडल्या नाहीत. डब्याची झाकणं एकेक करून लावली.

मी काय, विज्ञानाची बाई! दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. कावीळ पाण्यातून होते, यकृत कुठे असतं, फळ्यावर काढतात तशी आकृती काढून दाखवली. ही अंधश्रद्धा आहे, मावशी, सोडून द्या. दोन वर्षं मी हे पुराण लावलेलं. त्या नीट ऐकून घ्यायच्या, मध्ये मध्ये प्रश्न विचारायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ता बराबर. पन तू कापशील?"

मी हसून विषय बदलायचे.

अशात आमच्या शेजारच्या खोलीत सुलभाताई राहायला आल्या. नवऱ्याच्या कंपनीने त्यांना दोन वर्षं अमेरिकेला पाठवलेलं, तिथून परत आलेल्या. स्वतःचा फ्लॅट तयार होईपर्यंत इथे. त्यांच्या दोन्ही मुलींनी ऑक्टोबर लागल्यापासून भोकाड पसरलेलं, की आम्हाला हॅलोविन पाहिजे. हा काय प्रकार, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सुलभाताईंनी ओट्यावर बसून सांगितलं, की तिकडे एक दिवस भुतांचा असतो, पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात आणि घरोघरी भोपळे कोरून त्यात दिवा लावतात.

मावशी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"भोपले कोन कोरतं?"

"कोण म्हणजे? सगळेच. आया, मुलं."

"बाया? अख्खा भोपला?"

"हो मावशी! बाजारात डोंगर लागतात भोपळ्यांचे."

"आनि तेंचे पोरगे?"

सुलभाताईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आल्बम आणला. मावशींनी तो मांडीवर घेतला आणि एकेका फोटोवर बोट ठेवून सुरू झाल्या. हीच आयस का? सुरी हिच्याच हातात हाय ना? ह्यो थोरला का मधला? सुलभाताई बिचाऱ्या आठवून आठवून सांगत होत्या. अकरा बायका निघाल्या. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे! टाका मावशी अकरा चिंचोके पहिल्या डब्यात. पण मावशी कसल्या ऐकतायत.

"फोटोत पोर हसतो. फोटू घेतल्यावं काय झाला, ता हिला तरी ठावं हाय का? नाय. ह्ये मोजायचे नाय." मग आल्बम मिटून म्हणाल्या, "हितंच करू. माज्या आंगनात. मना डोल्यानं बघायचाय."

सुलभाताई खूश. लगेच ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात जाऊन प्लास्टिकचे मुखवटे, सुळे, थर्माकोल आणायचा बेत झाला. मावशींनी तो तिथल्या तिथे मोडला. "पलास्टिकचा भूत कशाला आनतंस? भूत कसा, आला आनि गेला पायजे. ह्यो जाईल का? तुजी नातवंडं म्हातारी होतील, तरी ह्यो हितंच." कायदा तोच राहिला, जे येईल ते कुणीतरी खाल्लं पाहिजे.

मग ते आठ दिवस काय सांगू! सगळी खोली-खोलीतली पोरं मावशींच्या मागे. गोणपाटाचे झगे शिवले. करवंट्यांना भोकं पाडून डोळे केले, नारळाच्या शेंड्यांच्या जटा केल्या. तव्याची काजळी आणि तांदळाचं पीठ हा रंग. माडाच्या झावळ्या विणून दोन पुरुषभर उंच राक्षस उभा राहिला. पांढरं भूत पाहिजे म्हणून मावशींनी ट्रंकेतून नवऱ्याचं धोतर काढून दिलं आणि वर बजावलं, "फारायचा नाय. भूत झाल्यावं धुवून परत द्या." खाऊ काय, तर गुळपापडी आणि चुरमुऱ्याचे लाडू, पळसाच्या पानात बांधून.

आणि माळ्यावरून सात भोपळे खाली आले.

"बाप्यानी कुनी हात लावायचा नाय," मावशींनी जाहीर केलं. "तिकरं करतात तसाच झाला पायजे."

सुलभाताई म्हणाल्या, मी कापते सगळे, त्यात काय! मावशी म्हणाल्या, "काप. पन तुला पोरगा नाय. तुजा मोजायचा नाय." बाकीच्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीला उपास आठवला, एकीचा हात मुरगळला होता. मग मावशी माझ्याकडे वळल्या. "तू काप गं. तुजा एकुलता हाय. तू शिकलेली हायस. दोन वरसा मना सांगतंस."

सगळ्यांसमोर! नाही कशी म्हणू? "कापेन की," म्हटलं. मावशींनी त्यांतला एक बेताचा भोपळा उचलून माझ्या हातात दिला. तो मी घरी नेऊन स्वयंपाकाच्या ओट्याखाली ठेवला.

आता जे सांगते, ते मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला झोप नाही. कावीळ पाण्यातून होते, हे मला माहीत होतं. भोपळा ही एक फळभाजी आहे, हेही माहीत होतं. पण मंदार पलीकडे तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि मला नुसतं दिसत होतं, की माझी सुरी भोपळ्यात जातेय. सकाळी डबा भरताना मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, जरा ह्याला खालून सुरी लावा ना."

तो बघतच राहिला. "तू नववीला विज्ञान शिकवतेस ना?"

"शिकवते. लावा म्हटलं ना!"

त्याने भोपळा उलटा करून बुडाशी नखाएवढी चीर दिली. मी तिच्यावर माती चोळली आणि शाळेत गेले. दिवसभर वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

संध्याकाळी दिवेलागणीला सगळे आंगणात जमले. मावशी ओट्यावर बसल्या. "पोराला हितं बसव. मना दोघं दिसू दे." मंदार करवंटीचे डोळे लावून त्यांच्या पायाशी बसला. मी सुरी लावली. चीर आधीच पडलेली, मग मला कसली भीती? तरी हात असा थरथरायला लागला, की सुरी दोनदा घसरली. मावशी भोपळ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. तिसऱ्या वेळेला सुरी आत गेली आणि पोरांनी आरडाओरडा केला.

मग मजाच झाली. सात भोपळ्यांत सात पणत्या, पोरं दारोदार, धोतरातलं भूत चिखलात पडलं. गावातली माणसं कुंपणावरून विचारत होती, ही काय आगऱ्यांची नवीन होळी? मावशी त्यांना म्हणाल्या, "अमेरिकेचा सन हाय. या, लारू घ्या." दुसऱ्या दिवशी भोपळे गाईने खाल्ले, पीठ-चुरमुरे कोंबड्यांनी, झावळ्या चुलीत गेल्या. आंगणात काही उरलं नाही. फक्त गटारात एक प्लास्टिकची सुळ्यांची कवळी सापडली, कुणीतरी चोरून आणलेली. ती सुलभाताईंच्या कडीला टांगलेली होती.

मी मावशींना विचारलं, "काय, टाकला की नाही माझा चिंचोका?"

त्यांनी कनवटीचा चिंचोका काढून दाखवला. "दहा पुरी होऊ दे तेला. माजा नऊचा व्हता."

मंदार सहा वर्षांचा होता. म्हणजे चार वर्षं ही बाई माझ्या पोराकडे बघत बसणार, आणि जे बघणार ते खोटं.

आणि बघितलंच. रोज सकाळी खिडकीत. "पोर उठला? जेवला? खोकतो कशाला?" आठव्या वर्षी मंदारला कांजिण्या आल्या. अंग तव्यासारखं तापलेलं. मावशी दाराबाहेर उंबऱ्याला टेकून बसल्या, त्या पाच दिवस. आत यायच्या नाहीत, घरी जायच्या नाहीत. मी पेज दिली तर हात लावला नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ओरडावंसं वाटत होतं, मावशी, मी कापलाच नाही हो पहिला, ह्याला काही झालं तरी ते तुमचं उत्तर नाही! जिभेवर आलेलं. पण सांगितलं तर म्हणतील, मग आता खरा काप. ते माझ्याने झालं नसतं. मी आत जाऊन मंदारच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

कांजिण्या गेल्या. मावशी घरी जाऊन जेवल्या.

मंदारला दहा पूर्ण झाली त्या सकाळी मी पाण्याला गेले, तर मावशींच्या कुंपणावर तिन्ही डबे धुवून पालथे घातलेले. थोड्या वेळाने त्या स्वतःच आल्या. हातात ताटली, तिच्यावर केळीचं पान. घारगे! लाल भोपळ्याचे, गूळ घातलेले, नुकते तळलेले. त्यांच्या घरातून असा वास मी सहा वर्षांत घेतला नव्हता.

"मीच कापला," मावशी म्हणाल्या. "चिंचोके पोरांना खेलाला दिले."

त्यांचा चेहरा एवढा मोकळा होता, की मला ते सहनच होईना. मी म्हटलं, "मावशी, बसा. मला एक सांगायचंय. त्या दिवशी पहिली चीर माझी नव्हती."

"बुराची? नखायवरी?" त्या म्हणाल्या. "मना तवाच दिसली. माजा भोपला मना नाय कलनार?"

"मग चार वर्षं का बघत होतात ह्याच्याकडे?"

"मना आवरतो तो. तेला कारन काय पायजे?"

"आणि कांजिण्यांत दाराशी बसलात ते? जेवला नाहीत ते?"

"पोर आजारी व्हता," मावशी म्हणाल्या, जसं काही मीच वेड्यासारखं विचारतेय.

"पण मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर? ते तर मिळालंच नाही!"

मावशींनी केळीचं पान बाजूला सारलं.

"तू यवरी शिकलेली. चीर पारून आनलीस, तरी तुजा हात थरथरला. पोरासाठी. तवा मी मनात बोलले, माजा हात त्या दिवशी नव्हता थरथरला. सरल कापला. म्हंजे माजी मायाच कमी. सासू बराबरच बोलली. मंग मी आठवत बसले. हात का नाय थरथरला, का नाय थरथरला. चार वरसा आठवला. तीस वरसा मना नुसता भोपलाच दिसायचा, बाकी काय दिसायचाच नाय. मंग येके दिवशी पोर दिसला. चुलीपाशी बसलेला. आये, घारगे दे. आये, घारगे दे. बापूस मिठावं गेलेला, सांज झाल्याबिगर येनार नाय. भुकेला पोर किती बसवून ठेवू? घेतली मोरली नि कापला."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू पोरासाठी थांबलीस," मावशी म्हणाल्या. "मी पोरासाठी कापला. येकच झाला ना?"

"एकच, मावशी," मी म्हटलं. आणि नाक पुसत काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "खाल्ले का त्याने घारगे?"

"सात," मावशी म्हणाल्या, आणि ताटलीतला एक उचलून त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.